नळी घातलेल्या रुग्णाचे तोंड स्वच्छ करताना पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून नेमके काय करावे?

रात्रपाळी

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात १४ वर्षे परिचारिका म्हणून काम करते आहे. आज येथे लिहिण्याचे कारण असे, की गेल्या महिन्यात आमच्याकडे एक प्रसंग घडला आणि त्यानंतर जो नियम झाला तो मला पटलेला नाही. येथे भूलतज्ज्ञ, दंतवैद्य आणि परिचर्या शिकवणारी मंडळी आहेत, तेव्हा त्यांच्याकडून हे तपासून घ्यावे असे वाटले.

एक नवीन सिस्टर व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे माउथ केअर करत होती. तोंडात सुकलेला चिकट थर होता म्हणून तिने २० मिलिलिटरच्या सिरिंजने पाणी सोडले, आणि सक्शनची (द्रव ओढून घेणाऱ्या यंत्राची) टिप उचलायला हात मागे नेला तेवढ्यात रुग्णाला जोराचा ठसका लागला. पाठोपाठ ऑक्सिजनची पातळी खाली आली. नळीतून पातळ स्राव निघाला, पातळी सावरायला बराच वेळ लागला आणि दुसऱ्या दिवशी ताप आला. तो ताप त्या पाण्यामुळेच आला असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, पण विभागात तोंडी हुकूम निघाला की यापुढे नळीच्या रुग्णाच्या तोंडात पाणी वापरायचे नाही, फक्त ओलसर गॉजने पुसायचे.

आता तीन आठवड्यांनी स्थिती अशी आहे की रुग्णांच्या जिभेवर खपली धरते, टाळूला स्राव चिकटून राहतो आणि नातेवाईक भेटीला आले की तोंडाच्या वासाने एक पाऊल मागे सरकतात. पाणी टाळून आपण रुग्णाला वाचवतो आहोत की दुसऱ्या बाजूने त्याच न्यूमोनियाला वाट करून देतो आहोत, असा मला प्रश्न पडला आहे. आमच्याकडे साध्या ईटी ट्यूब (तोंडातून श्वासनलिकेत घालायच्या नळ्या) आहेत, कफचा (नळीच्या खालच्या टोकाजवळच्या फुग्याचा) दाब मोजणारे एकच यंत्र आहे (ते बहुधा कपाटात असते), आणि रात्री तीन रुग्णांमागे एक सिस्टर असते. या परिस्थितीत काय करता येईल, ते कृपया सांगावे.

शेवटचा_बाक

आपला प्रश्न फार योग्य आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षे प्रामुख्याने अतिदक्षता विभागातच काम करतो. उत्तर देण्यापूर्वी नळीच्या कफबद्दलचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

कफ फुगवला म्हणजे श्वासनलिका खालून बंद झाली आणि आता वरून काहीही खाली जाणार नाही, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कफचे मुख्य काम व्हेंटिलेटरची हवा वर निसटू न देणे हे आहे. आज वापरात असलेले बहुतेक कफ मोठ्या आकाराचे आणि कमी दाबाचे असतात, म्हणजे पूर्ण फुगवले तर ते श्वासनलिकेपेक्षा रुंद होतील. श्वासनलिकेच्या आत ते पूर्ण उलगडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पृष्ठभागावर उभ्या सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांमधून वरचा द्रव थेंबाथेंबाने खाली झिरपत राहतो. दाब योग्य असला तरी हे झिरपणे पूर्ण थांबत नाही. दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या खाली गेला तर ते वाढते, आणि म्हणून दाब ३०च्या वर नेला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबू लागतो. आपल्याला काम करायला २० ते ३० एवढीच जागा आहे.

स्वरतंतूंच्या खाली आणि कफच्या वर एक लहानशी पोकळी असते, तिच्यात लाळ, घशातला स्राव आणि कधी जठरातून वर आलेला द्रव साठून राहतो. तेथे आपली सक्शनची टिप पोहोचत नाही, कारण ती घशापर्यंतच जाते. हे साचलेले डबके आपण पाणी वापरले नाही तरी तेथे असतेच, आणि त्यात तोंडातले जंतू भरलेले असतात. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. गुंगीच्या औषधांखाली ती बरीच कमी होते, पण जेवढी होते तेवढी रुग्ण गिळू शकत नाही.

तेव्हा आपल्या विभागाने पाण्यावर बंदी घालून त्या डबक्यात पडणारी एक भर थांबवली, पण डबके तसेच राहिले आणि ते अधिक घाण झाले. माझ्या मते चूक पाण्याची नव्हती. सिरिंजमधून पाणी जात असताना सक्शन दुसऱ्या हातात नव्हते, ही चूक होती. किती पाणी तोंडात गेले यापेक्षा किती पाणी तोंडात राहिले, हे पाहावे लागते.

ठसक्याबद्दलही सांगतो. रुग्ण खोकतो तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि द्रव थोडा वर ढकलला जातो, पण खोकल्यानंतर जो खोल श्वास तो आत ओढतो त्या क्षणी कफच्या खालचा दाब पडतो आणि वरचे डबके खाली खेचले जाते. व्हेंटिलेटरवरचा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) हा त्या द्रवाला खालून आधार देत असतो. नळी सर्किटपासून (व्हेंटिलेटरला जोडणाऱ्या नळ्यांपासून) सुटी केली की तो आधार जातो. म्हणून तोंडात द्रव असताना सर्किट सुटे करणे, रुग्णाला कुशीवर वळवणे, कफमधली हवा काढणे किंवा खोलवर सक्शन करून खोकला आणणे, या चारही गोष्टी टाळाव्यात.

मेट्रन_निवृत्त

डॉक्टरांनी सविस्तर लिहिले आहे. मी परिचर्या महाविद्यालयात शिकवत असे, त्यामुळे जुन्या पद्धतीबद्दल थोडे लिहिते.

आमच्या वेळी माउथ केअरचा ट्रे ठरलेला असे. किडनी ट्रे, गॉजचे तुकडे, आर्टरी फोर्सेप, पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी द्रावण किंवा सलाईन, आणि शेवटी ओठांना लावायला बोरो ग्लिसरीन. शुद्धीवर नसलेल्या रुग्णाला एका कुशीवर वळवून, गाल खाली येईल असे डोके ठेवून, गॉज पिळून घ्यायचा हा नियम होता. विद्यार्थिनीच्या गॉजमधून एक थेंब जरी ट्रेबाहेर पडला तरी आमच्या ट्यूटर तिला परत पाठवत. आज सक्शन आले, व्हेंटिलेटर आले, आणि पिळण्याची ती सवय मात्र गेली असे मला वाटते.

तरीही जुने ते सगळे चांगले असे माझे म्हणणे नाही. फोर्सेपला गुंडाळलेल्या गॉजने दातांवरचा थर निघत नाही. ग्लिसरीन काही काळ ओलावा देते आणि नंतर तोंड अधिकच कोरडे करते. शिवाय गॉज फोर्सेपवरून सुटून घशात राहिल्याचे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. काही ठिकाणी पाणी खाली जाऊ नये म्हणून घशात गॉज भरून मग तोंड धुतात. तसे करायचेच असेल तर एकच लांब पट्टी असावी, तिचे टोक तोंडाबाहेर चिकटपट्टीने लावलेले असावे आणि काढल्याची नोंद व्हावी. सुटे तुकडे तर कधीच वापरू नयेत. व्यक्तिशः मला ही पद्धत नको वाटते, कारण तो गॉज भिजला की त्यातून पाझरतेच, आणि वरून कोरडे दिसत असल्यामुळे आपण निर्धास्त राहतो.

दाढदुखी

मी दंतवैद्य आहे. ब्रशचा मुद्दा येण्याची वाटच पाहत होतो.

दातांवरचा थर हा जंतूंनी स्वतःभोवती विणलेल्या चिकट जाळ्यासारखा असतो, आणि तो पुसून, चूळ भरवून किंवा औषध फवारून निघत नाही. घासावाच लागतो. आजारी माणूस अतिदक्षता विभागात दाखल झाल्यावर दोन-तीन दिवसांतच त्याच्या तोंडातील जंतूंची जात बदलू लागते आणि रुग्णालयात आढळणारे हट्टी जंतू तेथे मुक्काम करतात. आपल्याकडे ग्रामीण भागातील अनेक रुग्ण, विशेषतः वयस्कर स्त्रिया, वर्षानुवर्षे मिशरी लावणाऱ्या असतात, पुरुषांमध्ये तंबाखू आणि गुटखा असतो. त्यांच्या हिरड्या आधीच सुजलेल्या आणि दात हलणारे असतात. अशा तोंडात नळी पडल्यावर ओल्या गॉजवर भागवणे मला धोक्याचे वाटते.

२०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात १५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. रोज ब्रश केलेल्या रुग्णांमध्ये रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला आणि अतिदक्षता विभागातील मृत्यूही कमी आढळले. हा फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरील रुग्णांमध्ये होता. नळी नसलेल्यांबद्दलही एक जुने उदाहरण आहे: जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तोंडाची नीट निगा राखलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना आणि इतरांपैकी १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला होता.

मात्र येथे एक गोम आहे, आणि ती या धाग्याच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. ब्रशने थर सुटला की ते जंतू लाळेत मोकळे होतात. म्हणजे ब्रश केल्यानंतरच्या पाच मिनिटांत तोंडातला द्रव आधीपेक्षा अधिक दूषित असतो. तो ओढून काढला नाही तर ब्रश न केलेला बरा, असे म्हणण्याची वेळ येईल. म्हणून लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यावा, तो पाण्यात बुडवून झटकावा, टूथपेस्ट वापरू नये किंवा वापरल्यास तांदळाच्या दाण्याएवढी, कारण फेस सक्शनच्या टिपेत नीट येत नाही आणि मागे घशाकडे सरकत राहतो. एका बाजूचे चार-पाच दात घासायचे, थांबायचे, तेथला द्रव ओढायचा आणि मग पुढे जायचे. सक्शन जोडता येईल असे पोकळ दांड्याचे ब्रश मिळतात. ते परवडत नसतील तर डाव्या हातात सक्शन आणि उजव्या हातात ब्रश, एवढे पुरते.

हलणारे दात आधी तपासून त्यांची नोंद करावी. सुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर पाण्याची गोष्ट फार किरकोळ वाटेल. कवळी असल्यास ती अर्थातच बाहेर काढून ठेवलेली असावी.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. मेट्रन मॅडम, पिळण्याबद्दल आपण लिहिलेले वाचून मला माझ्या ट्यूटर आठवल्या.

दोन शंका आहेत. एक, डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा असे सगळीकडे लिहिलेले असते. पण तशा स्थितीत तोंडातले पाणी ओठांकडे येण्याऐवजी घशाकडेच जाते, हे आम्ही रोज पाहतो. मग तोंड धुताना रुग्णाला आडवे करावे का? दुसरी, आम्ही पायलट बलून (कफला जोडलेला, तोंडाबाहेर राहणारा छोटा फुगा) बोटांनी दाबून कफ ठीक आहे की नाही ते ठरवतो. हे चालेल का?

शेवटचा_बाक

पहिली शंका बरोबर आहे आणि ती फार थोडे लोक विचारतात. डोके वर ठेवण्याचा फायदा प्रामुख्याने जठरातून वर येणाऱ्या द्रवाविरुद्ध आहे. बार्सिलोना येथे ८६ रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सपाट झोपवलेल्यांपैकी ३४ टक्क्यांमध्ये न्यूमोनियाची शंका आली, तर ४५ अंशांवर ठेवलेल्यांपैकी ८ टक्क्यांमध्ये. त्यामुळे तोंड धुण्यासाठी रुग्णाला सपाट करणे मला मान्य नाही, विशेषतः राईल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात जाणाऱ्या नळीतून) नुकतेच फीड दिलेले असेल तेव्हा. (नंतर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात असेही दिसले की ४५ अंश ठरवले तरी प्रत्यक्षात सरासरी ३०च्याही खालीच राहते. आपल्याकडे कोन मोजला तर काय निघेल याची कल्पना न केलेली बरी.)

पण तोंडातल्या पाण्याच्या बाबतीत गुरुत्वाकर्षण आपल्याविरुद्ध जाते, हेही खरे. यावर उपाय म्हणजे डोक्याची बाजू वर ठेवूनच चेहरा एका बाजूला वळवणे, जेणेकरून पाणी खालच्या गालात जमा होईल, आणि सक्शनची टिप त्याच खालच्या गालात ठेवणे. घशाच्या मध्यावर टिप ठेवून पाणी येण्याची वाट पाहत बसलो तर आपण एक पाऊल उशिरा असतो, शिवाय रुग्णाला उमळ येते ते वेगळेच. मान वळवताना नळी हलते हे विसरू नये. हनुवटी छातीकडे झुकली की नळीचे टोक खाली सरकते, मान मागे गेली की वर येते, आणि वर आलेला कफ स्वरतंतूंमध्ये अडकला तर गळती वाढते. म्हणून काम सुरू करताना दातांशी नळीवरचा आकडा वाचावा आणि संपल्यावर पुन्हा वाचावा. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची मान वळवली तर मेंदूतील दाब वाढू शकतो, आणि मानेच्या मणक्याला इजा असेल तर वळवण्याचा प्रश्नच नाही. अशा रुग्णांचा संपूर्ण पलंग एका रेषेत तिरपा करावा आणि धुण्याऐवजी झटकलेला ब्रश आणि पिळलेला गॉज यांवरच भर द्यावा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सरळ नाही असे आहे. बोटांचा अंदाज अनुभवी माणसांचाही चुकतो, आणि तो बहुतेक वेळा जास्त दाबाच्या बाजूला चुकतो. कपाटातले यंत्र बाहेर काढा. दर पाळीला एकदा आणि माउथ केअरच्या आधी दाब मोजा. मात्र यंत्र जोडताना थोडी हवा यंत्राच्या नळीत जातेच, म्हणून केवळ आकडा पाहून ते सोडू नये. २५च्या आसपास आणून मगच सुटे करावे. तोंडात पाणी असताना दाब मोजायला जाऊ नये, कारण त्या क्षणी कफ सैल झाला तर साचलेले सगळे खाली जाईल.

पहिले_वर्ष

मी निवासी डॉक्टर आहे. आम्हाला शिकवले आहे की आधी नळीतून सक्शन करायचे आणि मग तोंडातून, उलट कधीही नाही. वर सरांनी तोंडात द्रव असताना खोल सक्शन करू नका असे लिहिले आहे. मग क्रम नेमका कोणता?

शेवटचा_बाक

आपल्याला शिकवलेला नियम एकाच कॅथेटरबद्दल (सक्शनच्या बारीक लवचीक नळीबद्दल) आहे. निर्जंतुक कॅथेटर आधी नळीत जाऊ शकते आणि नंतर तोंडात. तोंडात गेलेले कॅथेटर पुन्हा नळीत घालायचे नाही. तो नियम अबाधित आहे. पण तोंडासाठी वेगळी यांकर टिप (तोंडातील सक्शनची जाड, कडक टिप) असेल, आणि ती असलीच पाहिजे, तर आधी तोंड आणि घसा कोरडा करावा, मग नव्या कॅथेटरने नळीत जावे. कारण नळीतील सक्शनने रुग्ण खोकणार आहे आणि त्या वेळी वर डबके नसलेले बरे. रुग्णाला कूस बदलून देण्यापूर्वी, नळीची पट्टी बदलण्यापूर्वी आणि नळी काढण्यापूर्वीही हाच क्रम.

जाता जाता, व्हेंटिलेटरच्या सर्किटमध्ये साचणाऱ्या पाण्याकडेही लक्ष असावे. माउथ केअरसाठी सर्किट बाजूला सारताना ते वर उचलले तर ते पाणी थेट नळीत ओघळते, आणि आपण मात्र तोंडातल्या चार थेंबांची काळजी करत असतो.

थेम्सकाठी

मी सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे ज्या रुग्णांना जास्त दिवस नळी राहणार असे वाटते त्यांना कफच्या वर छिद्र असलेली नळी घालतात. नळीच्या भिंतीतूनच एक बारीक वाहिनी त्या छिद्रापर्यंत जाते आणि बाहेरच्या टोकाला सिरिंज किंवा मंद सक्शन लावून वर डॉक्टरांनी सांगितलेले ते डबके उपसता येते. पहिल्यांदा उपसले तेव्हा मी चकित झाले होते, कारण तोंड पूर्ण कोरडे दिसत असूनही सिरिंजमध्ये पिवळसर चिकट द्रव भरला. तोंड धुतल्यावर लगेच आणि पुन्हा थोड्या वेळाने, असे दोनदा मी उपसते. वाहिनी बुजली तर जोराने पाणी सोडून मोकळी करू नये, कारण ते पाणी कफवरच पडते. थोडी हवा सोडून पाहावी.

रात्रपाळी ताई, आपल्याकडे या नळ्या नाहीत हे वाचले. पण महिनाभर राहू शकतील अशा निवडक रुग्णांसाठी तरी मागून पाहा.

आणखी एक गोष्ट. काडीवर स्पंज लावलेले गुलाबी स्वॅब भारतातही आता मिळू लागले आहेत. स्पंज काडीवरून निसटून तोंडात राहण्याच्या घटनांमुळे येथे २०१२ साली त्याबद्दल अधिकृत इशारा दिला गेला होता. रुग्ण दात आवळत असेल तर ते वापरू नयेत, आणि पाण्यात भिजवून ठेवू तर मुळीच नयेत. शिवाय स्पंज पाणी धरतो आणि दातांमध्ये दाबला गेला की सगळे एकदम सोडतो.

पहिले_वर्ष

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक माउथवॉशबद्दल कोणीच लिहिले नाही. आमच्या विभागात दिवसातून दोनदा ते वापरतात आणि तक्त्यावर त्याचा रकाना आहे.

दाढदुखी

मुद्दाम लिहिले नव्हते, कारण त्यावर वाद झडतात, पण आता विचारलेच आहे तर सांगतो. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवर १९९० च्या दशकात त्याचा फायदा दिसला आणि तेथून ते सगळ्या नळीच्या रुग्णांसाठी रूढ झाले. २०१४ मध्ये आधीच्या चाचण्या पुन्हा एकत्र तपासल्या तेव्हा इतर रुग्णांमध्ये न्यूमोनिया टळल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही, उलट मृत्यू किंचित वाढत असावेत अशी शंका आली. ते द्रावण थोडेथोडे फुप्फुसात जाऊन तेथे इजा करत असावे, हे त्यामागचे एक संभाव्य स्पष्टीकरण सांगितले जाते. ते सिद्ध झालेले नाही. कॅनडातील सहा अतिदक्षता विभागांनी टप्प्याटप्प्याने क्लोरहेक्सिडिन बंद करून त्याऐवजी तोंडाच्या निगेची नीट आखलेली पद्धत आणली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूंमध्ये फरक पडला नाही, पण तोंडाची स्थिती सुधारली. अमेरिकेतील संसर्गनियंत्रणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी ब्रशला आवश्यक बाबींत घेतले आणि क्लोरहेक्सिडिनला सामान्यतः शिफारस न करण्याच्या यादीत टाकले.

बीटाडीनबद्दलही हेच. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवर फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत त्याने न्यूमोनिया कमी झाला नाही. फुप्फुसात जाण्याची शक्यता असलेल्या तोंडात आपण कोणता द्रव ओततो याला महत्त्व आहे, म्हणून मी निर्जंतुक पाणी किंवा सलाईन सुचवतो. नळाचे पाणी नको, आणि सकाळी उघडलेली बाटली रात्रीपर्यंत सगळ्या पलंगांना फिरवणेही नको. पाण्यात आणि माउथवॉशमध्ये वाढणारे जंतू अतिदक्षता विभागांत साथी पसरवतात, हे अनेकदा घडलेले आहे.

अंगणवाट

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. माझ्या सासऱ्यांना पक्षाघातानंतर ट्रॅकिओस्टोमी (गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत घातलेली नळी) आहे आणि दोन महिन्यांपासून ते घरी आहेत. तोंडातून काही देत नाही, पोटात नळीने फीड देतो. त्यांचे दात मीच घासते आणि दर वेळी भीती वाटते. हा धागा वाचून आणखीच वाटू लागली. गळ्यातल्या नळीमुळे पाणी फुप्फुसात जात नाही असे आम्हाला सांगितले होते.

मेट्रन_निवृत्त

भिऊ नका, आणि दात घासणे सोडूही नका. आपण ते करता आहात म्हणूनच त्यांचे तोंड निरोगी आहे.

गळ्यातल्या नळीला कफ आहे का, आणि तो फुगवलेला ठेवायचा की नाही, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, कारण घरी सोडताना काही रुग्णांचा कफ मुद्दाम सैल ठेवलेला असतो किंवा नळी बिनकफाची असते. अशा वेळी वरचे पाणी अडवणारे काहीच नसते. दोन्ही परिस्थितींत पद्धत एकच ठेवता येते. फीड दिल्यावर निदान तासभर थांबावे, त्यांना उशांच्या आधाराने उठवून बसवावे, चेहरा थोडा पुढे आणि एका बाजूला, गालाखाली रुमाल. घरचे सक्शन यंत्र आधीच सुरू करून, ते ओढते आहे ना हे वाटीतल्या पाण्यात टिप बुडवून पाहून मगच ब्रश हातात घ्यावा. अनेक घरांत यंत्र असते आणि ऐन वेळी बाटलीचे झाकण सैल निघते. ब्रश झटकलेला, पेस्ट नाही, चूळ तर अजिबात भरवायची नाही. ठसका लागला तर ब्रश बाहेर, आधी सक्शन, श्वास शांत झाल्याशिवाय पुन्हा सुरुवात नाही. घासल्यावर नळीतून येणारा स्राव नेहमीपेक्षा पातळ किंवा जास्त वाटू लागला, ताप आला किंवा धाप वाढली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

अंगणवाट

मनापासून आभार. यंत्र पाण्यात तपासून पाहण्याचे आजवर कोणीच सांगितले नव्हते. आता पाहिले, तर खरोखरच अगदी मंद ओढत होते.

रात्रपाळी

जवळजवळ महिन्याने लिहिते आहे, क्षमस्व.

हा धागा छापून इन्चार्ज सिस्टरांना आणि आमच्या डॉक्टरांना दाखवला. सुरुवातीला थोडी नाराजी झाली, पण कफचे यंत्र कपाटातून बाहेर आले आणि आता ते औषधांच्या ट्रॉलीला दोरीने बांधलेले आहे. पहिल्या दिवशी आमच्या हाताखालच्या एका रुग्णाचा दाब २०च्या खाली आणि शेजारच्याचा ४०च्या वर निघाला. दोघांचेही बलून मी स्वतः सकाळी दाबून ‘ठीक’ असे लिहिले होते.

पाण्यावरची बंदी उठली. सिरिंजने पाणी सोडायचे असेल तर दोन माणसे हवीत असे ठरले: एकीने नळी धरून सक्शन खालच्या गालात ठेवायचे, दुसरीने एका वेळी दोन-तीन मिलिलिटरपेक्षा जास्त सोडायचे नाही आणि आधीचे ओढले गेल्याशिवाय पुढचे सोडायचे नाही. सुकलेल्या खपलीवर एकदम धुण्याऐवजी आधी ओला गॉज किंवा ओठांना लावायचे मलम अर्धा तास ठेवून ती मऊ करतो, मग ती ब्रशने निघते आणि पाणी जवळजवळ लागतच नाही. खरे तर त्या दिवशी त्या मुलीने पाणी सोडले ते खपली निघत नव्हती म्हणूनच. तिला हे कोणी शिकवले नव्हते, आणि त्यात मीही आले.

रात्रीचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. तीन रुग्णांमागे एकटी असताना दुसरी सिस्टर मिळत नाही. म्हणून ब्रश सकाळी आणि संध्याकाळी, पाळी बदलताना दोघी जमतात त्या वेळेला करतो. रात्री दर चार तासांनी फक्त तोंडातले सक्शन, पिळलेल्या गॉजने ओलावा आणि ओठांना मलम. रुग्णाला वळवण्याच्या आधी तोंड कोरडे करायचे, एवढे मावशी आणि वॉर्डबॉय मामांनाही पाठ झाले आहे. परवा रात्री मी वळवायला हात लावला तर मामांनीच विचारले, “सिस्टर, सक्शन झालं का?”

शेवटचा_बाक

रात्रीची विभागणी योग्य आहे. फक्त पहाटेच्या फीडची वेळ आणि सकाळच्या ब्रशची वेळ एकमेकांवर येत नाहीत ना, तेवढे तक्त्यात पाहून घ्यावे.

रात्रपाळी

येत होत्या. सहाचे फीड आणि साडेसहाचा ब्रश. आजपासून ब्रश आधी घेतो.